शेवटच्या घरापर्यंतची तार

एप्रिल २०११ मध्ये तामिळनाडू विधानसभेच्या निवडणुकीसाठी निरीक्षक म्हणून मी तंजावर जिल्ह्यात होतो. मतदान १३ एप्रिलला होते. निरीक्षकाकडे रोज जे तक्रारअर्ज येतात त्यांचे विषय ठरलेले असतात : पैसेवाटप, विनापरवाना सभा, भिंतीवर चिकटवलेली पोस्टरे. पापनाशम तालुक्यातून आलेला एक अर्ज मात्र निराळा निघाला. अर्जदारांचे म्हणणे असे की, एका पक्षाच्या जवळची मानली जाणारी वृत्तवाहिनी गावात केबलवर व्यवस्थित दिसते, पण त्यांच्या वस्तीत ती दिसेनाशी झाली आहे, आणि निवडणूक तोंडावर आलेली असताना केबलचालकाने ती मुद्दाम कापली आहे. खाली सत्तावीस सह्या व अंगठे होते.

आमच्या नियमपुस्तकात या तक्रारीसाठी रकाना नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानुसार दूरचित्रवाणीवर वा केबलवर राजकीय जाहिरात दाखवायची तर आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे काय दाखवले गेले याची तपासणी करण्याची सोय होती. काय पोचलेच नाही, याची तपासणी कशी करावी हे कोणी सांगितले नव्हते. सेवेत येण्यापूर्वी मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी होतो. त्यामुळे असेल, पण हा अर्ज नुसता तहसीलदारांकडे पाठवून द्यावा असे वाटेना. मी स्वतःच निघालो.

वाचकांपैकी काहींना पापनाशम हे नाव सिनेमामुळे ठाऊक असेल. ते पापनाशम दुसरे, तिरुनेलवेलीकडचे, ताम्रपर्णीच्या काठचे. गंमत अशी की, २०१५ च्या त्या तामिळ चित्रपटाचा नायक केबलचालकच आहे. मूळ मल्याळी ‘दृश्यम’मध्ये आणि निशिकांत कामत यांनी गोव्यात घडवलेल्या हिंदी ‘दृश्यम’मध्येही तो केबलचालकच. गावातल्या प्रत्येक घरात ज्याचे जाणे-येणे आहे, असा माणूस कथेला हवा असेल तर भारतातल्या लेखकाला पोस्टमनच्या खालोखाल केबलवालाच सुचणार! असो. मी म्हणतो ते पापनाशम तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुडमुरुट्टी नदीच्या काठी आहे.

माझे संपर्क अधिकारी महसूल खात्यातले, घरी मराठी बोलणारे तंजावरकर होते. राज्य १८५५ मध्ये खालसा झाले, पण ही कुटुंबे तिथेच राहिली. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तामिळ शब्द मध्येच शांतपणे येऊन बसलेली. दिवसभर ते मला तामिळचे इंग्रजी करून सांगत आणि गाडीत आम्ही दोघेच असलो की मराठीवर येत.

मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे २८ जानेवारीला बंद होते आणि १२ जूनला सुटते. एप्रिलमध्ये त्यामुळे नदीत वाळू आणि शेतात भाताच्या मागून घेतलेला उडीद-मूग, तोही काढणीला आलेला. गावात शिरलो तर मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराला घर लागून. तक्रार करणारी वस्ती तिथे नव्हती. ती शेतापलीकडे, कालव्याच्या बांधावरून चालत गेल्यावर लागत होती. सरकारी कागदात तिला तेव्हा ‘कॉलनी’ म्हणत. आपल्याकडे गावकुसाबाहेरचा वाडा म्हटले की जे समजायचे तेच इथे समजावे. गाव आणि ही वस्ती यांमध्ये शेताचा पट्टा ठेवण्याची रीत केबल येण्यापूर्वी कित्येक पिढ्यांची. केबल आली तेव्हा ते अंतर तारेने ओलांडायचे होते.

ती तार मी चालत पाहिली. गावातल्या शेवटच्या घराच्या भिंतीवरून ती विजेच्या खांबावर, तिथून एका नारळावर, पुढे दुसऱ्या नारळावर, मग कालव्यावरून आडवी. वाटेत दोन ठिकाणी सांधा होता, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. अंतर साधारण तीनशे मीटर.

इथे थोडे तांत्रिक सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. उपग्रहाकडून येणारा संकेत छत्रीवरच्या डबीतून खाली येतो तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या फार वरच्या कंपनांवर. घरोघर वापरतात त्या आर. जी. ६ जातीच्या तारेत १००० मेगाहर्ट्झला दर शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल घट होते. म्हणजे शंभर मीटरनंतर शक्तीचा शंभरावा हिस्सा उरतो. शिवाय त्याच तारेतून वर डबीला वीज पुरवावी लागते : उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्यांसाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. तार लांबली की वाटेतच व्होल्ट गळतात, १८ चे १५ होतात, आणि डबी समजते की उभ्याच वाहिन्या मागितल्या आहेत. त्या वस्तीतल्या एका इलेक्ट्रिशियन तरुणाने स्वतःच्या डीटीएच छत्रीपासून बांधापलीकडच्या भावाच्या घरापर्यंत अशीच दीडशे मीटर तार ओढली होती. भावाकडे निम्म्या वाहिन्या दिसत, निम्म्या नाहीत. कंपनीने फसवले अशी त्याची खात्री झाली होती. मी कागदावर आकृती काढून दाखवली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, मग दोष माझ्या तारेचा. पण मी साहेब असल्यामुळे त्याने ते मान्य केले, की खरोखर पटल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

केबलचालक ही अडचण वेगळ्या मार्गाने टाळतो. छत्रीजवळच, त्याच्या कंट्रोल रूममध्ये, प्रत्येक वाहिनीसाठी एक रिसीव्हर व एक मॉड्युलेटर ठेवून तो संकेत खालच्या कंपनांवर उतरवतो. मग सगळ्या वाहिन्या एका तारेत एकत्र करून सोडतो. अशी तार काही किलोमीटर नेता येते, वाटेत दर दोन-तीनशे मीटरवर अँप्लिफायर लावावा लागतो इतकेच. पण खालची कंपने सगळी सारखी नसतात. ५० मेगाहर्ट्झच्या आसपास बसवलेली वाहिनी त्याच तारेत शंभर मीटरला सुमारे ५ डेसिबल गमावते, तर ४५० च्या आसपासची वाहिनी सुमारे १४. तीनशे मीटरनंतर पहिलीचा तिसावा हिस्सा शिल्लक असतो. दुसरीचा पंधरा-सोळा हजारावा. एकच तार, एकच अंतर, एकाच खोलीतून निघालेल्या दोन वाहिन्या.

तक्रारीचे उत्तर हेच होते. कंट्रोल रूममध्ये जाऊन पाहिले तेव्हा ती वृत्तवाहिनी पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला बसवलेली आढळली. गावात ती स्वच्छ दिसत होती. वस्तीच्या सुरुवातीच्या दोन-तीन घरांत मुंग्या होत्या, पण आवाज समजत होता. शेवटच्या घरात नुसत्या मुंग्या. कापली कोणी नव्हती. चालकाने वहीच काढून दाखवली. वाहिनी गेले आठ महिने त्याच जागी होती. मग तक्रार आताच का? कारण गेल्या पावसाळ्यात कालव्यावरच्या सांध्यात पाणी शिरून घट वाढत गेली होती, आणि निवडणूक आल्याखेरीज बातम्या पाहण्याची निकडही कोणाला वाटली नव्हती. वस्तीच्या तोंडाशी अँप्लिफायर का नाही, असे मी विचारले. त्याचे उत्तर सरळ होते. अँप्लिफायरला वीज लागते, ती एखाद्या घरातून घ्यावी लागते आणि त्या घराला जोडणी फुकट द्यावी लागते. गावात दीडशे जोडण्यांमध्ये अशी चार घरे त्याला परवडत होती. वस्तीत सत्तावीस जोडण्या आणि तार सर्वांत लांब. शिवाय फुकट जोडणीवाल्या घरातले लोक लग्नाला गेले आणि जाताना मेन स्विच बंद करून गेले की पुढची सगळी घरे अंधारात!

हे ऐकताना मला आपल्या कालव्यांची आठवण झाली. पाटबंधारे खात्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना ‘टेल’ या शब्दाचे दुःख माहीत असते. मुखाजवळचा शेतकरी पोटभर पाणी घेतो आणि शेपटाकडचा वाट बघत राहतो. म्हणून आवर्तन शेपटाकडून मुखाकडे द्यावे असा दंडक आपल्याकडे घातला गेला. कावेरीच्या मुलखात या शेपटाला ‘कडैमडै’ म्हणतात. संपर्क अधिकाऱ्यांनी तो शब्द उच्चारताच त्या वस्तीतला एक म्हातारा म्हणाला की, आम्ही पाण्याचेही कडैमडै आणि टीव्हीचेही. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, माहिती होती.

आता थोडे मागे जाऊन पाहू. आपल्या देशात उपग्रहाचा टीव्ही खेड्यात प्रथम आला तो सरकारच्या हाताने, ‘साइट’ प्रयोगात, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम थेट उतरत. महाराष्ट्र किंवा तामिळनाडू त्या सहांत नव्हते. प्रत्येक गावाला स्वतःची छत्री होती, खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची. आणि एकच सार्वजनिक संच. घरांमध्ये तार नव्हतीच, त्यामुळे शेवटचे घर हा प्रश्नही नव्हता. संच जिथे ठेवला तिथे कोण बसू शकत होते हा प्रश्न अर्थात होता.

घरोघरची तार आली ती खासगी हातांनी. मुंबईच्या इमारतींत व्हिडिओ लावून तारेने घरोघर सिनेमे दाखवणे ऐंशीच्या दशकात सुरू झाले. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध उपग्रहावरून दिसू लागले, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आणि १४ एप्रिल १९९३ ला तामिळ सन टीव्ही. त्यानंतर दक्षिणेत तार ज्या वेगाने खेड्यांत शिरली तो वेग कोणत्याही सरकारी योजनेने कधी गाठला नसेल.

शासन मागून आले. १९९४ चा अध्यादेश, १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स अधिनियम. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. लहरी सार्वजनिक ठरल्या, पण त्या ज्या तारेतून घरात येत होत्या त्या तारेबद्दल कोणी तसे म्हटले नाही. चालकाची नोंदणी हेड पोस्ट ऑफिसात होई, आणि जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत ती तिथेच होत राहिली. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी हे प्राधिकृत अधिकारी. आम्हाला यंत्रसामग्री जप्त करता येते, एखादा कार्यक्रम वा वाहिनी बंद करता येते. थांबवण्याचे अधिकार भरपूर. पोचवण्याबद्दल जवळजवळ मौन. यंत्रसामग्री भारतीय मानकाप्रमाणे असावी असे नववे कलम सांगते, पण ते मोजण्याचे उपकरण हातात घेतलेला तहसीलदार माझ्या पाहण्यात नाही. महाराष्ट्रात आमच्या करमणूक शाखेचे निरीक्षक तारा मोजत हिंडत, पण ते ग्रामीण भागात जोडणीमागे दरमहा १५ रुपये शुल्क बसवण्यासाठी. वस्तूसेवा कर आला आणि १ जुलै २०१७ पासून तेही मोजणे संपले. एवढी वर्षे आपण तारेची टोके मोजली. टोकाला काय पोचते ते मोजावे असे आम्हा कोणाच्या मनात आले नाही. या ‘आम्हा’त मीही आहे.

एका ठिकाणी मात्र कायदा करणाऱ्यांना सगळे नीट समजले होते. आठवे कलम पाहावे. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवाव्यात एवढेच सांगून ते थांबले नाही. त्या ‘प्राइम बँड’मध्ये, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या, कमी घटीच्या भागात दाखवाव्यात असे त्यात होते. तारेवरची जागा हीच सत्ता आहे, हे दिल्लीतल्या कोणा अधिकाऱ्याने ओळखले होते. पण ते सरकारी वाहिनीपुरते. खासगी वाहिन्याही ओळखून होत्या. त्या चांगल्या जागेसाठी कॅरेज फी मोजत. ज्याला हे ठाऊक नव्हते तो शेवटच्या घरातला ग्राहक, आणि त्याला ते ‘कापले’ असेच दिसणार. माझ्या मते तो फार चुकतही नव्हता. मुद्दाम कापणे आणि कमकुवत जागी बसवून मग तार न दुरुस्त करणे, यांतला फरक निरीक्षकाच्या अहवालात मोठा असतो. मुंग्या बघणाऱ्याला तो किती असावा?

तामिळनाडूत तारेचे राजकारण उघड होते, पण ते मुखाचे होते. २००६ साली सत्तेवर आलेल्या सरकारने १५ सप्टेंबरपासून फुकट रंगीत टीव्ही वाटायला सुरुवात केली. पाच वर्षांत दीड कोटीहून अधिक संच गेले. त्या वस्तीतही जवळजवळ प्रत्येक घरात चौदा इंची संच होता. संच शेवटच्या घरापर्यंत पोचले, कारण ते रेशनकार्डावर मोजले गेले. संकेत रेशनकार्डावर नव्हता. ऑक्टोबर २००७ मध्ये राज्याने अरसु केबल हे महामंडळ काढले आणि तंजावर, कोइंबतूर, वेल्लोर व तिरुनेलवेली येथे कंट्रोल रूम उभारल्या. राजकीय समीकरणे फिरली तसे ते थंडावले. २ सप्टेंबर २०११ ला, म्हणजे मी परतल्यानंतर काही महिन्यांनी, नव्या सरकारने ते पुन्हा सुरू केले : महिन्याला ७० रुपयांत नव्वद वाहिन्या. त्यांतले २० रुपये महामंडळाला आणि ५० स्थानिक चालकाकडे. ग्राहकाला मोठाच दिलासा होता तो, त्यात शंका नाही. पण विभागणी बघा. मुख सरकारी झाले. शेपूट त्याच माणसाकडे राहिले, त्याच नारळांवरून, आणि आता त्याचे उत्पन्न ५० रुपयांना बांधलेले. अँप्लिफायरसाठी पाचवे फुकट घर तो कुठून परवडवणार होता?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०१२ मध्ये शिफारस केली की, राज्य सरकारांनी या धंद्यात उतरूच नये. डिजिटल परवान्यासाठी महामंडळाला एप्रिल २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वादात मुख कोणाच्या ताब्यात असावे यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. तारेच्या दुसऱ्या टोकाबद्दल त्यात शोधू गेले तर फारसे काही सापडत नाही. डिजिटलमुळे शेपटाचे काय झाले तेही सांगायला हवे. जुन्या पद्धतीत संकेत क्षीण झाला की मुंग्या येत, तरी आवाज राही, अंदाज बांधता येई. डिजिटल संकेत एका मर्यादेपर्यंत निर्मळ दिसतो आणि तिच्याखाली गेला की चित्राच्या चौकटी होऊन थांबतो. अर्धे दिसणे संपले. तारेऐवजी काचतंतू टाकला तर किलोमीटरला अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी घट होते, म्हणजे ते तीनशे मीटर जणू नाहीसेच होतात. पण तो तंतू गावच्या पंचायतीपाशी थांबला तर पुढे पुन्हा तीच तार.

माझ्या अर्जाचे पुढे काय झाले? मी अहवालात लिहिले की हेतुपुरस्सर खंडित केल्याचा पुरावा नाही. ते खरे होते आणि मला ते लिहिताना समाधान नव्हते. चालकाला आदेश देण्याचा अधिकार मला नव्हता, विनंती केली. त्याने दुसऱ्या दिवशी कालव्यावरचे दोन्ही सांधे बदलले, वस्तीच्या तोंडाशी एक जुना अँप्लिफायर इक्वलायझरसह बसवला आणि ती वृत्तवाहिनी पट्ट्यात खाली आणली. अँप्लिफायरची वीज त्या म्हाताऱ्याने दिली. खाली जागा करण्यासाठी जी वाहिनी वर ढकलली गेली ती एक हिंदी वाहिनी होती. वस्तीत तिच्याबद्दल कोणीच तक्रार केली नाही. गावातल्या पेठेत एक उत्तरेकडचा मिठाईवाला होता, त्याने केली की नाही ते मला कळले नाही.

परतीच्या वाटेवर संपर्क अधिकाऱ्यांनी विचारले, केबलवर मराठी कधी येईल का? त्यांच्या आईला ऐकायची होती. मी म्हटले, तार तुमच्यापर्यंत मराठी आणणार नाही. त्यापेक्षा दूरदर्शनची फुकट छत्री बसवा, त्यावर सह्याद्री आहे. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा त्यांना माहीत होती, पण ती आपल्यासाठी आहे असे वाटले नव्हते. महिन्याभराने त्यांचा फोन आला. छत्री गच्चीवर बसली होती. आईला बातम्यांतली मराठी भराभर बोललेली वाटते, म्हणाले, पण संध्याकाळी ती संचासमोरून उठत नाही. तार किती लागली, असे मी सवयीने विचारले. बारा मीटर, ते म्हणाले.